खाडाखोड नसलेला कागद

५ जानेवारी

आज पुन्हा वाजलं. सकाळी सव्वापाचला.

आधी वाटलं, नळ. मग ती घंटी झाली – ओळ संपत आली की होते ती. नळाला घंटी नसते! टक, टक, टकटक, टक. मग थांबलं. मग रूळ फिरवून कागद ओढून काढल्याचा खर्रकन आवाज. नवा कागद. पुन्हा पहिल्यापासून.

अडतीस वर्षांची घोडी मी, आणि पांघरूण तोंडावर ओढून पडून राहिले. पुढच्या खोलीत अण्णांचं टाइपिंगचं मशीन आहे. कापड घालून ठेवलंय. मार्चमध्ये अण्णांना जाऊन वर्ष होईल.

६ जानेवारी

वाजलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

८ जानेवारी

डोकं ठिकाणावर आहे हे स्वतःलाच पटावं म्हणून नीट लिहून ठेवते.

अण्णा म्हणजे माझे वडील, दस्तलेखक. नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांशी टेबल टाकून चाळीस वर्षं लोकांचे कागद लिहिले – खरेदीखतं, भाडेकरार, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं. गुडघे गेल्यावर टेबल आणि मशीन घरात आलं, पुढच्या खोलीत. लोक घरी यायला लागले. दोन वर्षांपूर्वी मीही आले, दहा वर्षांचा संसार एका बॅगेत आणि खारूला हाताला धरून. खारू म्हणजे माझी मुलगी. एका जागी बसत नाही आणि गालात काहीतरी साठवलेलं असतं, म्हणून अण्णांनीच ठेवलेलं नाव. आता दहा वर्षांची आहे. फक्त अण्णांच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर ती तासन्‌तास बसायची. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘राजीखुशीने’, ‘सबब’ – बाकीची मुलं कविता म्हणतात, ही दस्त म्हणायची.

अण्णांचा एकच नियम. खाडाखोड नाही. शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकलं तरी कागद बाहेर. खर्रकन! नवा घालायचा. आई होती तेव्हा करवादायची, “रद्दीवाल्याचं भलं करताय नुसतं!” अण्णा म्हणायचे, “खोडलेलं दिसलं की वाचणाऱ्याला शंका येते. शंकेला जागाच ठेवायची नाही.”

म्हणजे असं टाइप करणारा माणूस मला आयुष्यात एकच माहीत आहे.

आज खारूला विचारलं, “सकाळी तुला काही ऐकू येतं का गं?” ती म्हणाली, “कसलं?” मी म्हटलं, “काही नाही, दूध पी.” भित्री भागूबाई.

११ जानेवारी

शनिवार-रविवार खारू बापाकडे. कोर्टाचा आदेश – एक आड एक आठवडा. अंतिम निकाल लागेपर्यंत बाकी दिवस माझ्याकडे.

तिच्या बापाला मी मनातल्या मनात वेळापत्रक म्हणते. माणूस वाईट नाही. मारलं नाही, दारू नाही, बाहेर काही नाही. फक्त लग्नाची दहा वर्षं मी त्याच्या तक्त्यात कुठेतरी बसवलेली होते, पावणेआठ ते सव्वाआठ. घटस्फोट त्यालाही हवा, मलाही हवा. इतक्या वर्षांत एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट! अडलंय ते खारूवर. ताबा त्याला हवा, मी देणार नाही. मेले तरी देणार नाही.

दोन दिवस मशीन वाजलं नाही.

१२ जानेवारी

कारखान्यातून अर्धी रजा घेऊन वकीलबाईंकडे गेले. त्यांनी एक झेरॉक्स पुढे सरकवली. “ही सही तुमची?”

माझीच. माहेरच्या नावाची, शेवटी ती लांब शेपूट काढायचे मी तेव्हा. वर अण्णांच्या मशीनचे टाइप – त्यांचा ‘र’ जरासा वर उडायचा, तो इथेही उडालेला.

हक्कसोडपत्र. लिहून घेणार – माझा भाऊ. लिहून देणार – मी. ‘वडिलांच्या राहत्या घरातील माझा संपूर्ण हक्क, हिस्सा व हितसंबंध मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कायमचा सोडत आहे.’ बारा वर्षांपूर्वीची तारीख. माझ्या लग्नाच्या चार दिवस आधीची.

वेळापत्रकाच्या वकिलाने हे कोर्टात जोडलंय. म्हणणं असं, की मुलीच्या आईला स्वतःचं छप्पर नाही. भावाच्या घरात भावाच्या मेहेरबानीवर राहते, उद्या त्याने काढलं की रस्त्यावर. बापाच्या नावावर तीन खोल्यांचा फ्लॅट आहे. सबब मुलीचा ताबा बापाला मिळावा.

वकीलबाई म्हणाल्या, “हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“मला माहीतच नव्हतं!”

“सही करताना वाचलं नाहीत?”

नाही वाचलं. जो माणूस चाळीस वर्षं लोकांना ‘वाचून सही करा हो’ म्हणत बसला, त्याची मुलगी मी. त्याने पुढे केला म्हणून नाही वाचला.

१३ जानेवारी

आठवतंय आता सगळं. घरात पाहुणे, मी केस धुऊन बसलेली. अण्णा तीन-चार कागद घेऊन आले. “इथं कर. इथं. आणि इथं.” मी विचारलं, “काय आहे?” ते म्हणाले, “घरचंच आहे.” माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, मुलगी चाललीय म्हणून डोळे भरलेत, लपवतायत. मी उगीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

पाठीवरून हात फिरवला मी त्यांच्या!

आज कारखान्यात एकशे बारा पट्ट्या सुटल्या माझ्या हातून. माझं काम सोपं आहे – औषधाच्या गोळ्यांच्या पट्ट्या समोरून सरकतात, एखाद्या खाचेत गोळी नसेल तर ती पट्टी बाजूला काढायची. आठ तास रिकामी जागा शोधायची. सुपरवायझर म्हणाला, “बाई, झोप होत नाही का?” म्हटलं, घरात म्हातारं माणूस आहे, पहाटे उठतं.

आणि मग स्वतःच्याच बोलण्याने अंगावर काटा आला.

१५ जानेवारी

दादाला फोन केला. कागद त्यानेच दिला, दुसरं कोण देणार!

“आहे म्हणून दिला. खोटा थोडाच आहे?” म्हणाला. मागून वहिनीचा आवाज – “घर विकायचं तर किती दिवस ताटकळायचं!” मग दादाने साखर पेरायला सुरुवात केली. “तुला कोणी बाहेर काढत नाहीये गं. पण खारूच्या दृष्टीनं विचार कर. तिकडे शाळा जवळ आहे...” मी फोन आपटला. मोबाइल आपटता येत नाही नीट, हे एक वाईट झालंय.

सकाळी वाजलं होतं. पावणेसहापर्यंत. पाच वेळा कागद ओढला. मोजले मी.

१७ जानेवारी

वकीलबाईंनी अभ्यास करून बोलावलं. आज हसत होत्या.

“घर वडिलांनी कोणाच्या कमाईतून घेतलं? वडिलोपार्जित की त्यांचं स्वतःचं?”

“स्वतःचं. एकेक खोली चढवत बांधलं.”

“मृत्युपत्र?”

“नाही.”

“मग ऐका. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टाच्या घरात तुम्हाला हक्कच नव्हता. तो आला ते गेल्यावर. जे तुमच्याकडे नव्हतं ते तुम्ही सोडणार कसं? त्या बदल्यात काही घेतलं होतंत?”

“छे.”

“आणि नोंदणीसुद्धा नाही कागदाची. कोर्टात हा कागद शून्य. हिंदू वारसा कायद्यानं तुम्ही आणि तुमचा भाऊ सारखे वाटेकरी. निम्मं घर तुमचं आहे. कुठल्या अडाण्यानं लिहिला हो हा दस्त?”

“माझ्या वडिलांनी. चाळीस वर्षं हेच करत होते.”

त्या हसायच्या थांबल्या. चष्मा काढून कागद पुन्हा बघितला. मग हळूच म्हणाल्या, “मग एक तर त्यांची चूक झाली. किंवा नाही झाली.”

निघताना पोटगीचा विषय काढला. मी स्वतःसाठी मागितलीच नाहीये, फक्त खारूच्या खर्चाचं लिहिलंय. “हक्क आहे तो, भीक नाही,” म्हणाल्या. माझं लक्षच नव्हतं. डोक्यात एकच – झाली की नाही झाली?

१९ जानेवारी

आज उठले. धीर करून.

खारूच्या खोलीचं दार बंद. मोठी झालेय म्हणून हल्ली दार लावून झोपते. बरंच झालं, तिला कळायला नको. बोळातून पुढच्या खोलीपर्यंत गेले, अनवाणी. दाराच्या फटीतून जेमतेम अंधुक उजेड, रस्त्यावरच्या दिव्याचा असावा. दार ढकललं असतं तर कळलं असतं. नाही ढकललं. आत कोणी नसलं तर? आणि असलं तर?

खरं सांगायचं तर मला ते आत हवे होते. विचारायचं होतं.

दाराशी खाली फरशीवर बसले. आत चालूच – टक, टकटक. मी तोंड दाराला लावून म्हटलं, “अण्णा, माझी सही का घेतलीत? मला घराबाहेर काढलंत की दादाला गप्प केलंत? तुमच्या कागदांनी लोकांची भांडणं मिटायची ना? मग हे माझं कसं मिटणार? तो सोडत नाही, मी सोडत नाही. कोणी हक्क सोडला म्हणजे हे मिटेल – सांगा ना एकदा!”

मशीन थांबलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग नवा कागद घातल्याचा आवाज आला. आणि हळू, अगदी हळू, एकेक अक्षर दाबल्यासारखं पुन्हा सुरू झालं.

मी पळाले. चक्क पळाले.

२२ जानेवारी

पूर्वी मधूनमधून वाजायचं. विचारल्यापासून रोज.

२५ जानेवारी

खारू बापाकडे होती. दोन दिवस मशीन गप्प. अण्णांनाही नातीशिवाय करमत नाही, माझ्यापाशी मात्र त्यांचं काही अडलेलं नाही!

मीच हे लिहिलं? बापाच्या भुतावर रुसून बसलेय मी. कोणी वाचलं तर खारूला हातची घालवून बसेन.

२७ जानेवारी

वेळापत्रकाचा फोन. बरोबर सव्वाआठला.

“तुमच्या घरात काय चाललंय? मी खारूला सहज विचारलं, सकाळी किती वाजता उठतेस. ती म्हणाली, पाचला. म्हटलं, कशाला? तर म्हणे, तेव्हा आजोबांचं मशीन वाजतं.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे तिलाही ऐकू येतं! ती पण जागी असते, दाराआड एकटी!

“मुलं बोलतात काहीही,” मी म्हटलं.

“ती काहीही बोलत नाही. चेहरा उतरलाय तिचा. बोलायची थांबलीय. मी हे वकिलांना सांगणार आहे. मागून कळण्यापेक्षा तुला आधी सांगतोय.” असा आहे तो. गळा कापायचा तरी आगाऊ सूचना देऊन.

शिव्या देणार होते. पण चेहरा उतरलाय ते खरं आहे. ते मलाही दिसतंय.

२ फेब्रुवारी

त्याचा अर्ज आला. ‘आईच्या घरातील वातावरण मुलीच्या मानसिक आरोग्यास घातक असून मुलीस मृत आजोबांचे भास होतात.’ न्यायाधीशबाई वीस तारखेला खारूशी चेंबरमध्ये एकट्याने बोलणार. आई नाही, बाप नाही, वकील नाही.

वकीलबाई म्हणाल्या, “दहा वर्षांच्या मुलीचं मत न्यायाधीश ऐकतात. शेवटी बघतात ते मुलीचं हित. तुमचा हक्क दुय्यम, त्याचाही दुय्यम. घराच्या बाबतीत आपण जिंकलोय. ती तिथं भुताखेतांचं बोलली नाही म्हणजे झालं.”

४ फेब्रुवारी

आज मी माझ्या मुलीला खोटं बोलायला शिकवलं.

शाळेतून आली, तिचे बूट काढत होते. म्हटलं, “खारू, त्या बाई विचारतील, घरात काही ऐकू येतं का. नाही म्हणायचं.”

“पण मशीनचं विचारलं तर?”

“मशीन वाजत नाही म्हणायचं.”

“ते खोटं होईल.”

“खोटं कसं? आजोबा नाहीत ना आता? मग कोण वाजवणार?”

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी ओठावर आलं आणि गिळलं तिने. मग म्हणाली, “‘आजोबा वाजवत नाहीत’ असं सांगितलं तर चालेल?”

“चालेल की.”

“मग ते खोटं नाही,” म्हणाली आणि दुसरा बूट स्वतःच काढून आत गेली.

शहाणी आहे माझी खारू. आणि मी? माझी मला शिसारी आली.

८ फेब्रुवारी

दादा आला. एकटाच, न सांगता. खारू बापाकडे होती ते बरं. हातात प्लास्टिकच्या पाकिटात तो मूळ कागद.

त्याच्याही वकिलाने त्याला सांगितलंय, शून्य आहे म्हणून. भांडायला आलाय असं वाटून मी पदर खोचूनच बसले होते. तो भांडला नाही. अण्णांच्या खुर्चीत बसला, मशीनवरच्या कापडाकडे बघत.

“कागद मी मागितला होता,” म्हणाला. “तुझा होणारा नवरा मला हिशोबी वाटला. वाटलं, उद्या घरात वाटा मागेल. अण्णांना म्हटलं, हिच्या सह्या घेऊन द्या, नाहीतर मी वेगळा होतो. दुसऱ्या दिवशी कागद तयार. म्हणाले, ‘हा घे तुझा कागद, जपून ठेव.’ मला तेव्हा वाईट वाटलं होतं. इतक्या पटकन तुला सोडलं म्हणून.”

“सोडलं नव्हतं,” मी म्हटलं.

“म्हणजे त्यांना माहीत होतं?”

“चाळीस वर्षं दस्त लिहिणाऱ्याला माहीत नसेल?”

दादाने कागद जुन्याच घड्यांवर पुन्हा दुमडला. “बारा वर्षं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला होता गं मी,” म्हणाला. “आणि त्या दिवसापासून अण्णा माझ्याशी सरळ कधी बोलले नाहीत. मला वाटायचं, माझंच काहीतरी...” चहा ठेवेपर्यंत निघून गेला. जाताना दारातून म्हणाला, “कोर्टात तुझ्याविरुद्ध उभा राहणार नाही मी. घराचं नंतर बघू.”

सहा-सात वर्षांनी मी दादाला रस्त्याच्या वळणापर्यंत बघत उभी राहिले.

९ फेब्रुवारी

अण्णांनी मला वाचवलं! आज दिवसभर कारखान्यात गाणं गुणगुणत होते. एकही पट्टी सुटली नाही.

१० फेब्रुवारी

गाणं टिकलं एक दिवस.

अण्णांनी मला वाचवलं, ठीक. पण दादाला फसवलं. पोटच्या पोराला शून्य कागद दिला आणि जपून ठेव म्हणाले. भांडण मिटवलं नाही, बारा वर्षं लांबवलं फक्त. स्वतः मरेपर्यंत. दोन पोरांमध्ये बसून शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही. आणि किंमत काय दिली? आयुष्यात खाडाखोड न करणाऱ्या माणसाने मुद्दाम चुकीचा दस्त लिहिला. म्हणून आता बसलेत का रोज सकाळी – तोच पुन्हा नीट लिहायला? चुकतंय, ओढतायत, चुकतंय, ओढतायत?

पुढच्या खोलीत दिवसाउजेडी गेले. अण्णांच्या जाड हिरवट कागदांचा गठ्ठा कपाटात असतो. पातळ झालाय. अर्ध्याहून कमी. कपाटाला हात न लावता मागच्या पावली आले.

१५ फेब्रुवारी

खारू जेवताना म्हणाली, “आई, साक्षीदार दोनच लागतात ना?”

“कशाला?”

“असंच. आजोबा म्हणायचे, दोन.”

“हो, दोन. भात संपव.” माझ्या डोक्यात वीस तारीख. शाळेत काहीतरी नाटक असेल. तिची बोटं काळी झालेली दिसली. पेन गळतंय म्हणाली. म्हटलं, नवीन आण, पैसे घे डब्यातून.

हल्ली ती माझ्याशी फार चांगली वागते. ताट उचलते, चादरीची घडी घालते. पाहुणी असल्यासारखी. आज मी तिला जवळ ओढलं तर क्षणभर अंग चोरलं तिने, मग घट्ट मिठी मारली. कुठेतरी जायचं असल्यासारखी मारली. मला भीती वाटते. कोर्टाची वाटते, अण्णांची वाटते, पण ही तिसरीच कसली तरी आहे.

१८ फेब्रुवारी

वकीलबाईंचा फोन. म्हणाल्या, सगळं आपल्या बाजूनं आहे. भावाने माघार घेतलीय, घर आहे, नोकरी आहे, शाळेचा अहवाल चांगला आहे. “ताबा तुम्हालाच मिळेल, जवळजवळ धरून चाला.”

देवापुढे दिवा लावला. खारूने विचारलं, “कशाचा?” म्हटलं, “असाच.”

१९ फेब्रुवारी

आज एकदाही थांबलं नाही.

सव्वापाचला सुरू झालं. घंटीमागून घंटी. मी प्रत्येक ओळीला श्वास धरून पडलेली – आता ओढतील, आता ओढतील. नाही ओढला. शेवटपर्यंत गेले. मग रूळ सावकाश फिरवल्याचा आवाज. खर्रकन नाही. हळूच काढला कागद. चुकला नाही म्हणून.

झाला त्यांचा दस्त लिहून. मला कळलं की आता ते येणार नाहीत. उशीत तोंड खुपसून रडले मी, वर्षभरात पहिल्यांदा. म्हटलं, अण्णा, जा आता. उद्याचं मी बघते.

२० फेब्रुवारी

खारू चेंबरमध्ये पंचवीस मिनिटं होती. मग न्यायाधीशबाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. वकिलांनाही. टेबलावर जाड हिरवट कागद, चार घड्यांचा. “हा तुमच्या मुलीने दप्तरातून काढून दिला. दोघांनी मिळून वाचा,” म्हणाल्या.

‘हक्कसोडपत्र. तारीख १९ जानेवारी. लिहून घेणार – १) आई २) बाबा. लिहून देणार – मी, वय वर्षे १०, धंदा शिक्षण. कारणे हक्कसोडपत्र लिहून देते ऐसे की, आईवरील व बाबांवरील माझा संपूर्ण हक्क व हिस्सा मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कायमचा सोडत आहे. मी वसतिगृहात राहीन. सबब आता कोणीही भांडू नये. साक्षीदार – १) आजोबा २)’

दोनपुढची जागा रिकामी. सगळ्या ओळींत ‘र’ जरासा वर उडालेला. एकही खाडाखोड नाही.

न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं होतं म्हणे, किती दिवस लागले. तर म्हणाली, “आधी नुसती बोटं बसवत होते. मग महिनाभर. एक अक्षर चुकलं की नवा कागद घ्यावा लागतो.”

वेळापत्रकाने दोनदा वाचलं. मग पाणी मागितलं. वकीलबाई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, “अल्पवयीन आहे. कायद्यानं हा कागद शून्य.”

मी तारखेकडे बघत होते. १९ जानेवारी. त्या सकाळी मी दाराशी बसून विचारलं होतं, कोणी हक्क सोडला म्हणजे हे मिटेल. मशीन थांबलं होतं. मग नवा कागद घातल्याचा आवाज आला होता.